कुलूप आणि साबण : उद्योगवीर अर्देशीर गोदरेज

शाळेच्या सभागृहात ज्या थोर पुरुषांच्या तसबिरी टांगलेल्या असतात, त्यांत योद्धे असतात, संत असतात, कवी आणि देशभक्त असतात. साबण तयार करणाऱ्या माणसाची तसबीर कोणी आदराने लावल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही. हे एका अर्थी स्वाभाविकच आहे. साबण ही वस्तू इतकी नित्याची, की ती हातातून घसरून मोरीत पडली तरच तिच्याकडे आपले लक्ष जायचे. परंतु विद्यार्थी मित्रहो, ज्या वस्तू आपण विचार न करता वापरतो, त्यांच्यामागे कोणीतरी फार विचार केलेला असतो. अशाच एका विचारी, हट्टी आणि विलक्षण सत्यनिष्ठ पुरुषाचे चरित्र यंदाच्या अंकात आपल्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्या पुरुषाचे नाव अर्देशीर बरजोरजी गोदरेज.

हे नाव आपण कपाटावर वाचले असेल, कुलुपावर वाचले असेल आणि साबणाच्या वेष्टनावरही वाचले असेल. परंतु नाव वाचणे निराळे आणि माणूस ओळखणे निराळे. या माणसाच्या आयुष्यात असत्याशी तडजोड करण्याचे प्रसंग एकामागून एक आले. प्रत्येक वेळी त्यांनी नकार दिला, आणि त्या नकाराची किंमतही मोजली. ती किंमत मोजूनही मनुष्य व्यापारात उभा राहू शकतो काय, हा या चरित्रातील खरा प्रश्न आहे.

अर्देशीर यांचा जन्म १८६८ मध्ये मुंबईच्या एका पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. घराण्याचे मूळ आडनाव गुथेराजी असे होते. अर्देशीर लहान असतानाच ते बदलून गोदरेज असे करण्यात आले. वडील बरजोरजी व आजोबा सोराबजी हे घरे आणि जमिनी यांच्या व्यवहारात होते. कुटुंब खाऊनपिऊन सुखी होते. मुलाने विद्या संपादन करून वकील व्हावे, अशीच त्या काळच्या कोणत्याही सुस्थितीतील घराची अपेक्षा असे. तिला अनुसरून अर्देशीर यांनी कायद्याचे शिक्षण घेतले.

याच तरुण वयात त्यांच्यावर मोठे दुःख कोसळले. १८९० मध्ये त्यांचा विवाह झाला होता. पुढच्याच वर्षी मुंबईच्या राजाबाई टॉवरवर घडलेल्या दुर्घटनेत त्यांची पत्नी बाचूबाई हिचा अंत झाला. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढील सारे आयुष्य त्यांनी कामाला वाहून टाकले.

१८९४ मध्ये, वकिलीची नवी सनद हातात असतानाच, मुंबईच्या एका सॉलिसिटर मंडळीने त्यांना पूर्व आफ्रिकेतील झांझिबार येथे एका अशिलाचे काम चालविण्यासाठी पाठविले. तरुण वकिलाला परदेशी जाऊन दावा लढविण्याची अशी संधी मिळणे म्हणजे भाग्यच. काम आरंभी नीट चालले. परंतु पुढे अर्देशीर यांच्या ध्यानात आले की, हा दावा जिंकावयाचा तर ज्या गोष्टीच्या सत्यतेची आपल्याला खात्री नाही, ती न्यायालयापुढे ठामपणे मांडावी लागेल. त्यांनी तसे करण्याचे साफ नाकारले. अशिलाने समजावले असेल, हितचिंतकांनी व्यवहार शिकविला असेल, परंतु या तरुणाचे मन वळले नाही. ते मायदेशी परतले आणि वकिलीला त्यांनी कायमचा रामराम ठोकला.

आपल्याला वाटेल, हा केवढा अव्यवहारीपणा! परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. वकिली सोडताना अर्देशीर यांच्यापुढे दुसरा कोणताही व्यवसाय तयार नव्हता. सत्य बोलण्यासाठी त्यांनी आपली उपजीविका सोडली होती, आणि पुढे काय करावयाचे ते त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते.

मुंबईत परतल्यावर त्यांनी एका औषधालयात रसायनज्ञाच्या हाताखाली साहाय्यकाची नोकरी धरली. तेथे त्यांची दृष्टी शस्त्रक्रियेच्या उपकरणांकडे गेली. चिमटे, कात्र्या, चाकू ही सारी उपकरणे विलायतेहून येत. ती येथे का तयार होऊ नयेत, असा प्रश्न त्यांना पडला. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी उपकरणे घडविण्यास प्रारंभ केला. माल उत्तम उतरला. विकत घेणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यालाही तो पसंत पडला. प्रश्न उद्भवला तो एका लहानशा शिक्क्याचा. उपकरणांवर ती हिंदुस्थानात तयार झाल्याची खूण असावी, असा अर्देशीर यांचा आग्रह होता. तशी खूण असली तर गिऱ्हाईक हात लावणार नाही, असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते. खूण काढली तर माल घेतला जाणार होता, ठेवली तर पडून राहणार होता. अर्देशीर यांनी खूण ठेवली, आणि त्यांचा हा पहिला धंदा बुडाला.

येथे अर्देशीर यांचा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे. न्यायालयात त्यांनी जे केले, तेच येथेही केले. आपण बनविलेली वस्तू कोठे बनली हे दडविणे म्हणजे असत्य बोलणेच होय, असे ते मानीत. शिवाय त्यात देशाचा अवमान होता. दादाभाई नौरोजी आदि मंडळींच्या लेखनामुळे देशाच्या दारिद्र्याची चर्चा त्या काळी सुशिक्षितांत होऊ लागली होती. जो देश कापूस पाठवितो व कापड विकत घेतो, लोखंड पाठवितो व सुई विकत घेतो, त्याच्या हाती काय उरणार, हा विचार अर्देशीर यांच्या मनात पक्का बसला होता.

दुसऱ्या उद्योगाची कल्पना त्यांना वर्तमानपत्र वाचताना सुचली, असे सांगतात. मुंबईत घरफोड्या वाढल्याची वार्ता त्यांच्या वाचनात आली. लोकांना चांगली कुलुपे हवी होती, आणि चांगली कुलुपे पुन्हा विलायतेचीच. १८९७ च्या मे महिन्यात लालबाग येथे, गॅस कंपनीच्या शेजारी, एका लहानशा छपरीत मोजक्या कारागिरांना हाताशी धरून अर्देशीर यांनी कुलपांचा कारखाना सुरू केला. या वेळीही भांडवलासाठी कामा हेच पाठीशी उभे राहिले. पुढे कामा यांच्या नात्यातील बॉईस नावाचे गृहस्थ भागीदार झाले. ते फार काळ राहिले नाहीत, परंतु त्यांचे नाव कंपनीच्या नावात राहून गेले, आणि आजही ते तेथे आहे.

कुलूप ही वस्तू वरवर साधी, परंतु तिचा सारा व्यवहार विश्वासावर चालतो. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागली की कारागिराची अब्रू गेलीच म्हणून समजावे. अर्देशीर यांनी प्रत्येक कुलपाची किल्ली निराळी राहील अशी दक्षता घेतली. १९०२ च्या सुमारास त्यांनी तिजोऱ्यांकडे लक्ष वळविले. तिजोरीला चोराबरोबर आगीलाही तोंड द्यावे लागते. पत्रा किती जाड असावा, सांधे कसे असावेत, दाराच्या फटीतून धग आत शिरू नये म्हणून काय करावे, याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला, पेटंटे मिळविली. धाकटे बंधू पिरोजशा यांची त्यांना फार मोलाची साथ लाभली. पुढे १९२५ मध्ये कलकत्त्याच्या धरमतल्ला भागात मोठी आग लागली असता गोदरेजच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे सुरक्षित राहिली, तेव्हा या परिश्रमांचे सार्थक झाल्याचे लोकांना दिसून आले.

कुलपांत आणि तिजोऱ्यांत असा जम बसलेला मनुष्य पन्नाशीच्या उंबरठ्यावर साबणाकडे कसा वळला? हे समजण्यासाठी त्या काळी साबणाची स्थिती काय होती ते पाहावे लागेल.

आपल्याकडे स्वच्छतेची साधने पूर्वापार होती. अंगाला डाळीचे पीठ, केसांना शिकेकाई, रेशमी व लोकरी वस्त्रांना रिठा, आणि धोब्याच्या भट्टीत खारी माती. रिठ्याचा फेस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या फेसाचे कारण सॅपोनिन नावाचे द्रव्य. कारखान्यात तयार झालेली साबणाची वडी मात्र इंग्रजांबरोबर आली. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात इंग्लंडच्या लीव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या, आणि पाहता पाहता विलायती साबण देशभर पसरला. मेरठ, म्हैसूर आदि ठिकाणी देशी कारखाने निघाले, तरी बाजारावर छाप होती ती परदेशी मालाचीच.

त्यात एक अडचण होती. विलायती साबणात जनावरांची चरबी असे. हिंदूंना गाईची चरबी निषिद्ध, मुसलमानांना डुकराची, आणि जैनांना कोणत्याही प्राण्याची. चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ मध्ये केवढा वणवा पेटविला, हे आपण इतिहासात वाचतोच. तरीही हजारो घरांत लोक नकळत, किंवा कळूनही नाइलाजाने, तोच साबण अंगाला लावीत. गिऱ्हाइकाने काय विकत घेतले आहे, हे गिऱ्हाइकालाच ठाऊक नसावे, ही गोष्ट अर्देशीर यांच्यासारख्या माणसाला खटकल्यावाचून कशी राहील?

मग वनस्पतींच्या तेलांचा साबण करावा, हे इतके सोपे होते काय? नव्हते. साबण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. तेल किंवा चरबी यांत मेदाम्ले ग्लिसरीनशी जोडलेली असतात. त्यांत दाहक सोड्याचे पाणी घालून उकळले, म्हणजे ही जोडी फुटते. मेदाम्लांचा सोड्याशी संयोग होऊन साबण बनतो, आणि ग्लिसरीन मोकळे होते. मिश्रणात मीठ घातले की साबण वर येतो व ग्लिसरीनयुक्त पाणी खाली राहते. तेले आणि चरबी यांची घटना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने उलगडून दाखविली होती. दाहक सोडा कातडी जाळतो, म्हणून हा प्रयोग विद्यार्थ्यांनी शिक्षकांवाचून कदापि करू नये.

सर्व तेलांचा साबण सारखा होत नाही, ही खरी मेख आहे. चरबीत पामिटिक व स्टिअरिक ही मेदाम्ले विपुल असतात, त्यांच्यामुळे वडी घट्ट होते आणि लवकर झिजत नाही. तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा साबण मऊ व चिकट होतो. खोबरेल तेलाचा साबण घट्ट होतो, फेसही भरपूर देतो, परंतु पाण्यात भराभर विरघळतो आणि एकटाच वापरला तर कातडी कोरडी करतो. शिवाय तेल नीट शुद्ध केले नाही, तर काही दिवसांनी वडीला खवट वास येऊ लागतो. म्हणून कोणती तेले किती प्रमाणात घ्यावी, सोडा किती, उकळी किती, वडी वाळवावी किती, या साऱ्यांचा मेळ बसवावा लागतो. जाणती मंडळी सांगत की, चरबीवाचून चांगला अंगाचा साबण होणे नाही.

अर्देशीर यांनी हे आव्हान स्वीकारले. प्रयोग करता करता १९१८ च्या सुमारास त्यांनी वनस्पतींच्या तेलांपासून केलेला कपडे धुण्याचा साबण बाजारात आणला. त्याचे नाव ठेविले छावी, म्हणजे चावी. कुलुपे करणाऱ्या घराला हे नाव किती शोभून दिसते! पुढे लवकरच अंगाचा साबणही निघाला, आणि त्याचे नाव होते नंबर दोन. नंबर एकच्या आधी नंबर दोन कसा, असे पुष्कळांनी विचारले असावे. त्यामागील अर्देशीर यांचा विचार मोठा मार्मिक होता. दुसऱ्या क्रमांकाचा साबण इतका चांगला आहे असे लोकांना पटले, तर पहिला याहूनही उत्तम असणार, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. १९२२ मध्ये नंबर एक आला, आणि तो आज शंभर वर्षांनंतरही दुकानांत मिळतो. रवींद्रनाथ टागोर, ॲनी बेझंट यांच्यासारख्या थोर व्यक्तींनी गोदरेजच्या साबणाची जाहीर प्रशंसा केली.

या ठिकाणी आम्ही एक खुलासा करणे अवश्य समजतो. वनस्पती तेलाचा जगातील पहिला साबण अर्देशीर यांनी केला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु भूमध्य समुद्राच्या काठी ऑलिव्हच्या तेलाचा साबण कित्येक शतकांपासून होत आला आहे. सत्यनिष्ठ माणसाच्या चरित्रात अतिशयोक्ती शोभत नाही. अर्देशीर यांचे श्रेय निराळे आहे आणि ते काही कमी नाही. ज्या देशात साबण म्हणजे चरबी असे समीकरण होऊन बसले होते, तेथे त्यांनी चरबीवाचून साबण करून दाखविला, तो परदेशी साबणाच्या तोडीचा केला, आणि त्यात काय नाही हे वेष्टनावर व जाहिरातीत उघडपणे सांगितले.

स्वदेशीवर अर्देशीर यांची निष्ठा होती, परंतु ती डोळस होती. माल स्वदेशी आहे म्हणून तो कमी दर्जाचा असला तरी लोकांनी गोड मानून घ्यावा, हा विचार त्यांना मान्य नव्हता. देशप्रेमाच्या नावाखाली वाईट वस्तू विकणे, ही देशाचीच फसवणूक आहे अशी त्यांची धारणा होती. स्वदेशी वस्तू विलायती वस्तूपेक्षा चांगली असली पाहिजे, मग ती आपोआप खपेल. या बाबतीत राष्ट्रीय चळवळीतील थोरामोठ्यांशीही त्यांचे मतभेद होत. पण मतभेद म्हणजे वैर नव्हे. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर १९२१ मध्ये जेव्हा टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प झाला, तेव्हा अर्देशीर यांनी ३ लाख रुपयांची देणगी दिली. त्या काळी शाळामास्तराचा पगार महिना पंचवीस-तीस रुपये असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेचा आकार लक्षात येईल.

मोठा उद्योग उभारणारे पुष्कळ असतात, परंतु तो वेळीच सोडता येणारे थोडे. १९२८ मध्ये अर्देशीर यांनी सारा कारभार पिरोजशांच्या स्वाधीन केला आणि ते नाशिकला जाऊन शेतीत रमले. आमच्या उज्जयिनीप्रमाणेच नाशिक हे सिंहस्थाचे क्षेत्र. क्षिप्रेच्या काठी आपण जो मेळा पाहतो, तसाच तेथे गोदावरीच्या काठी भरतो. मुंबईच्या भट्ट्यांचा आणि घणांचा आवाज ऐकण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी उत्तरायुष्यासाठी नदीकाठची शांतता निवडली. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. मागे राहिला तो उद्योग पिरोजशांनी वाढविला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी ज्या लक्षावधी लोखंडी मतपेट्या लागल्या, त्यांपैकी फार मोठा भाग विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला. विश्वासाने बंद होणारे कुलूप करण्यापासून ज्या घराने प्रारंभ केला, त्याच्याच पेटीत स्वतंत्र देशाने आपले पहिले मत टाकले.

अर्देशीर यांच्या पश्चात स्वच्छतेच्या साधनांत मोठी क्रांती झाली. साबणाचा एक दोष असा की, दुष्फेन पाण्यात तो निकामी होतो. आपल्या माळव्याच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात साबण कितीही चोळला, तरी फेस येत नाही व बादलीच्या काठाला पांढरा साका धरतो, हा अनुभव घरोघरी आहे. त्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा मळ तयार होतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा तेथील रसायनज्ञ साबणाला पर्याय शोधू लागले, आणि त्यातून कृत्रिम अपमार्जकांचा, म्हणजेच ज्याला आपण डिटर्जंट म्हणतो त्याचा, उदय झाला. दुष्फेन पाण्यातही तो काम करतो. १९५९ मध्ये सर्फची भुकटी आपल्या देशात आली, १९६९ मध्ये गुजरातेतील करसनभाई पटेल यांनी निरमा काढून ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली.

साबण असो वा डिटर्जंट, दोहोंचे मर्म एकच. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याचे मित्र, दुसरे तेलाचे. तेलाकडचे टोक मळात घुसते, पाण्याकडचे टोक बाहेर राहते, आणि असे अनेक रेणू मिळून मळाच्या कणाला वेढून पाण्याबरोबर वाहून नेतात. ताटलीत पाणी घेऊन त्यावर मिरपूड भुरभुरावी आणि मध्ये साबणाचे बोट टेकावे. मिरपूड क्षणात काठाकडे पळते. साबणाने तेथील पाण्याचा पृष्ठताण कमी केला, त्याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय.

या एका गुणावर केवढे व्यवहार चालतात! गिरण्यांत सूत व लोकर धुण्यापासून रंग एकसारखा बसविण्यापर्यंत अपमार्जके लागतात. आमच्या गावातील विनोद मिल, हिरा मिल यांचे भोंगे केव्हाच थांबले, परंतु कालभैरवाच्या वाटेवरील भैरवगडात आजही छिपे मेण लावून कापड रंगवितात, आणि नंतर ते मेण उकळत्या पाण्यात काढतात. प्रयोगशाळेत पेशींचे स्निग्ध आवरण फोडून त्यांतील डीएनए बाहेर काढण्यासाठी डिटर्जंटच वापरतात. कांद्याच्या रसात भांडी घासण्याचे द्रव, मीठ व थंड अल्कोहोल घालून ते पांढरे धागे आपल्या शाळेतही पाहता येतात. २०२० मध्ये कोविडची साथ आली, तेव्हा साऱ्या जगाला वीस सेकंद हात धुण्यास सांगण्यात आले, त्याचे कारणही हेच. त्या विषाणूचे आवरण स्निग्ध असते, आणि साध्या साबणाने ते विस्कटते.

परंतु अपमार्जकांची दुसरी बाजूही आहे. आरंभीचे डिटर्जंट नदीतील जीवाणूंना पचत नसत, म्हणून युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. तेव्हा १९६० च्या दशकात त्यांच्या रेणूची रचना बदलावी लागली. काही भुकट्यांतील फॉस्फेटमुळे पाण्यात शेवाळ माजते आणि माशांचा श्वास कोंडतो. घरातील मोरीतून गेलेला फेस कोठे तरी जातोच, आणि आपल्या गावात त्या वाटेच्या शेवटी क्षिप्रा असते. कपडे स्वच्छ आणि नदी मलिन, हा सौदा आपण डोळे उघडे ठेवून तपासला पाहिजे. मूठभर भुकटीने काम होत असताना दोन मुठी टाकू नयेत, एवढे तर आपल्या हाती आहे.

अर्देशीर यांच्यापासून शिकावयाचे ते हेच, असे आम्हांस वाटते. वस्तू कशाची बनली, कोठे बनली आणि तिच्यापासून काय होते, हे सांगण्यास करणाऱ्याने भिऊ नये, आणि विचारण्यास घेणाऱ्याने लाजू नये. आज अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत टी.एफ.एम. असे लिहून पुढे एक आकडा दिलेला असतो. तो त्या वडीतील एकूण मेदद्रव्याचे प्रमाण होय. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावे लागते, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६०. जाहिरातीतील चेहरा पाहून साबण घेणारे पुष्कळ आहेत, हा आकडा वाचणारे थोडे. उपकरणावरील एका खुणेसाठी ज्याने आपला पहिला धंदा बुडू दिला, त्याच्या देशातील मुलांनी तरी वस्तूवरील खरी अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी. उद्या दुकानात जाल तेव्हा वडी उलटी करा आणि तो आकडा वाचा.